दाजींचा भूतपट

भुताला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, भूतबीत काही नसतं म्हणणारीही पाहिली आहेत, आणि दिवसभर नसतं म्हणून दिवस मावळला की मारुतीच्या देवळासमोर चप्पल काढून उभी राहणारी तर आमच्या निपाणीत घरटी एक सापडतील. पण भर दुपारी भुताला उन्हात उभं करून, त्याला ताक पाजून, वर "जरा रागानं बघ की गं, हसालीस काय?" असं दरडावणारा माणूस अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या आक्काचा नवरा निघाला.

दाजी बेळगावातल्या वडगावचे. पिढीजात विणकर. घरात पहाटेपासून मागांची खटखट चालायची, त्यामुळं त्या घरातल्या कुणालाही हळू बोलणं ठाऊक नव्हतं. दाजी कानाशी येऊन एखादी गुप्त गोष्ट सांगायला लागले की शेजारच्या तीन घरांतून तिच्यावर मतं यायची. अंगानं आडवे, डोक्याला टक्कल, मिशा झुबकेदार. बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस वाघाचे दात मोजत असेल. प्रत्यक्षात दिवेलागण झाली की परसात जायला त्यांना आक्का लागायची. ती कंदील धरून बाहेर उभी आणि हे आतून मोठमोठ्यानं सुताचे भाव बोलताहेत, असा सगळा प्रकार. मधेच आक्का गप्प बसली तर आतून लगेच, "हाईस न्हवं? हाईस न्हवं गं?"

आणि अशा माणसाला भुताच्या सिनेमांचं वेड! जत्रेतला तंबूतला खेळ असो नाहीतर शहरातलं थेटर, भुताचा सिनेमा लागला की दाजी पहिल्या रांगेत. पण नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची छाती नव्हती. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या मागावर मुद्दाम विरळ विणीचा एक पंचा काढला होता. भुताची चाहूल लागली की तो तोंडावरून ओढून घ्यायचा आणि विणीतून बघायचं. भूत अगदीच अंगावर आलं की पंच्याची दुहेरी घडी. मी एकदा म्हटलं, "दाजी, इतकं भ्या वाटतंय तर जाता कशाला?" त्यावर ते म्हणाले, "पावणं, भीती कशी असती ती भिणाऱ्यालाच ठावं. न भिणाऱ्यानं भुताचा पिक्चर काढायचा म्हंजे माळकऱ्यानं तांबडा रस्सा करायचा."

'पिक्चर काढायचा' हे शब्द त्यांच्या तोंडून आले तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. कारण त्यांना रोजच्या जगण्यातसुद्धा सिनेमाच दिसायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. सगळे सावरून बसले. दाजींनी हात वर केला आणि म्हणाले, "थांबा, थांबा. बाई, तुम्ही परत आत जावा. दार हळू उघडा. करकर असा आवाज आला पायजे. मग आधी नुसता हात दिसू दे." मुलगी बिचारी खरंच आत गेली, दार करकरत उघडलं आणि नुसता हात दाखवला. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की ते लग्न पार पडलं हीच माझ्या आयुष्यातली पहिली चमत्कारकथा.

ऐंशी सालाच्या आगंमागं दाजींचा एक बालमित्र आखाती देशातून परत आला. त्यानं येताना एक छोटा सिनेमाचा कॅमेरा आणि भिंतीवर चित्र पाडायचं यंत्र आणलं होतं. कॅमेरा चावीचा. घड्याळाला देतात तशी चावी द्यायची, की तो गुर्र करून थोडा वेळ चालायचा आणि मग दमून थांबायचा. आवाज टिपायची सोयच नव्हती. मित्राला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यानं तो दाजींना खुशाल वापरायला दिला. त्या रात्री म्हणे दाजी कॅमेरा उशाशी घेऊन झोपले, आणि आक्काला कंदील घेऊन परसात जावं लागलं नाही, कारण ते उठलेच नाहीत.

मे महिन्याची सुट्टी होती. मी निपाणीच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. दाजींचा निरोप आला, 'ताबडतोब निघून या.' मला वाटलं आक्काला बरं नाही. पहिल्या गाडीनं वडगाव गाठलं, तर आक्का दारात मिरच्या निवडत बसलेली. म्हणाली, "मला काय धाड भरलीया? आत जा. त्येंनी तुला हिरो केलाय."

सिनेमाचं नाव होतं 'वसतिगृहातली किंकाळी'. दाजींनी मला मागाशेजारी बसवून कथा सांगितली. म्हणजे ती साऱ्या गल्लीनं ऐकली. एक गरीब घरचा नवा मुलगा कॉलेजच्या हॉस्टेलात येतो. तिथली जुनी दांडगी पोरं त्याला छळछळ छळतात. गावाकडं त्याची आई काळजीनं मरते, तिचं भूत हॉस्टेलात येतं आणि एकेका दांडगटाचा गळा धरतं.

"आणि नवा मुलगा?" मी विचारलं.

"त्यो तुम्ही."

"दाजी, मला पस्तिसावं लागलंय. पुढचे केस गेलेत."

"टोपी घाला की."

आईचं भूत कोण होणार हा प्रश्नच नव्हता. गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर दाजींचंच भूत झालं असतं. आक्का मिरच्यांतून मान वर न काढता म्हणाली, "म्हंजे मेल्यावरबी मलाच काम." पण खरं भांडण लागलं ते साडीवरून. दाजींनी भुतासाठी पांढरीशुभ्र साडी काढून ठेवली होती. आक्कानं ती हातसुद्धा लावून पाहिली नाही. "पांढरं मी नेसायची न्हाय. धडधाकट नवरा समोर क्यामेरा घिऊन उभा असताना? सासूबाई वरनं बघत असतील!" दाजींनी समजावलं, ओरडले, जेवण सोडतो म्हणाले, आणि जेवणाची वेळ झाल्यावर तह केला. परिणामी आमच्या सिनेमातलं भूत हे जगातलं पहिलं सवाष्ण भूत झालं. ठसठशीत कुंकू, कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि घरच्याच मागावरची लाल काठाची साडी. "बरं झालं," दाजी शेवटी म्हणाले, "मालाची जाहिरातबी हुईल."

एवढंच झालं असतं तर ठीक होतं. पण सिनेमात मला कपाळाला जखम होऊन रक्त यायचं होतं. दाजींनी गुळाच्या पाकात सूत रंगवायचा लाल रंग कालवला आणि मोठ्या प्रेमानं माझ्या कपाळावरून कानावर ओतला. पाकाला मुंग्या लागल्या त्या मी सोसल्या. पण रंग दाजींच्या घरचा होता, आणि दाजींच्या घरचा रंग जात नाही अशी सगळ्या खडेबाजारात ख्याती होती. मी राखेनं घासलं, रॉकेलनं घासलं. शाळा उघडली तेव्हाही माझा डावा कान लालभडक होता. हेडमास्तरांनी आधी कानाकडं आणि मग माझ्याकडं पाहून विचारलं, "या वयात कोणी पिळला हो?"

आता हॉस्टेल हवं होतं. इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. दाजी स्वतः एकदा कॉलेजात गेले होते. मॅट्रिक झालेला त्या घरातला पहिला मुलगा. घरात मागांच्या खटखटीत अभ्यास होणार नाही म्हणून वडिलांनी त्यांना गावातल्या गावात हॉस्टेलात ठेवलं. ट्रंक घेऊन गेले आणि आठवड्याच्या आत ट्रंक घेऊन परत आले. 'इंग्लिश जमंना,' एवढंच त्यांनी घरी सांगितलं, आणि घरच्यांनी ते मानलं. आक्का तर काही चुकलं की अजून म्हणायची, "चार दिवस दम धरला असता तर आज सायेब असता." दाजी यावर हसायचे. ते हॉस्टेल अजून तिथंच होतं, सुट्टीमुळं ओस पडलेलं, आणि दाजींना सिनेमासाठी तेच हवं होतं.

फाटकावर वॉचमन होता. "यारु बेकु?" त्यानं विचारलं, म्हणजे कोण हवंय. दाजींनी त्याला कन्नडमध्ये, अर्थात मोठ्यानं, सांगितलं की आम्हाला इथं एक भूत आणायचं आहे. तो "बेडा, बेडा" म्हणत, नको नको करत, मागच्या मागं सरकला आणि त्यानं थेट रेक्टरसाहेबांनाच बोलावून आणलं.

रेक्टरसाहेब म्हणजे गोरागोमटा, गुबगुबीत, सतत रुमालानं मान पुसणारा, दिलखुलास माणूस. सिनेमा म्हटल्यावर त्यांचे डोळेच चमकले. "अहो, शूटिंग? आमच्याकडं? जरूर करा! मी स्वतः स्नेहसंमेलनातला जुना नट. एखादी भूमिका असेल तर सांगा हो." त्यांचा आवाज ऐकून दाजींनी एकदम मान वर केली आणि ते त्यांच्याकडं बघतच राहिले.

"सायेब, तुम्ही हितंच शिकलाईसा?"

"इथलाच मी! याच हॉस्टेलात राहिलो, आणि आता याच हॉस्टेलचा राखणदार!"

"मग हाय की भूमिका," दाजी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "दांडगटांचा म्होरक्या. व्हिलन."

रेक्टरसाहेब इतके खूश झाले की त्यांनी आम्हाला शिरा खाऊ घातला.

शूटिंग सुरू झालं ते टळटळीत दुपारी. भुताचा सिनेमा आणि दुपारी? पण तो कॅमेरा अंधारात आंधळा व्हायचा. दाजींनी यावर अक्कल लढवली. मांडववाल्याकडून निळा जिलेटीनचा कागद आणला आणि भिंगावर बांधला. निळं दिसलं की रात्र. आता रात्रीच्या प्रसंगात मागं चिमण्या टिपत असायच्या, दोरीवर वाळवण असायचं, आणि एकदा तर रस्त्यावरून एक गृहस्थ छत्री उघडून शांतपणे गेले. मी म्हटलं, "दाजी, रात्री छत्री?" ते म्हणाले, "चांदणं बाधत असंल त्येला. तुम्ही भ्या."

भिण्याचं काम मी केलं, पण भिववण्याचं काम आक्काला जमेना. तोंडाला तांदळाचं पीठ फासून, केस सोडून ती व्हरांड्यात यायची, माझ्या टोपीकडं बघायची आणि पदर तोंडाला लावून खुदखुदायची. दाजी ओरडायचे, चावी संपायची, आक्का घामानं पीठ ओघळलं म्हणून ताक प्यायला बसायची. गल्लीतले दोन विणकर दांडगट पोरं म्हणून आणले होते, तेही हसायचे. चार दिवस झाले, भूत काही रागावलं नाही.

पाचव्या दिवशी मुख्य प्रसंग होता, नव्या मुलाला छळण्याचा. दाजींनी लिहिलं होतं की दांडगट मुलाला ट्रंकेवर उभं करून नाचायला लावतात. रेक्टरसाहेब मोठ्या थाटात चिकटवलेली मिशी पिळत आले, आणि प्रसंग ऐकून म्हणाले, "नाच? नाचायला सगळेच लावतात हो, त्यात राम नाही. मी सांगतो तुम्हाला आमच्या वेळची गंमत. इथंच, याच व्हरांड्यात. एक विणकराचं पोर आलं होतं, हडकुळं. त्याला आम्ही धोटा केला."

"धोटा?" मी विचारलं.

"मागावर इकडून तिकडं पळतो तो हो. आम्ही दोन रांगा करून उभे राहिलो. त्यानं तोंडानं खटाक्-खट, खटाक्-खट करत या टोकाहून त्या टोकाला पळायचं. थांबला की टपली. जेवणाची घंटा होईपर्यंत पळवला. हसून हसून आमची पोटं दुखली! नंतर निघूनच गेला बिचारा. नावसुद्धा आठवत नाही आता. ते घ्या पिक्चरमध्ये. एकदम अस्सल!"

ते दोघे विणकर एकमेकांकडं बघायला लागले. मी दाजींकडं पाहिलं. ते कॅमेऱ्याला चावी देत होते.

"चालंल," ते म्हणाले. "सायेब म्हणत्यात तसंच करू या. पावणं, पळा."

मी पळालो. पस्तीस वर्षांचा मराठीचा मास्तर, डोक्यावर टोपी, तोंडानं खटाक्-खट करत त्या व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. पहिल्या फेरीला मला हसू येत होतं. दुसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की एकटे रेक्टरसाहेबच हसताहेत. कॅमेऱ्याची गुरगुर कधीच थांबली होती, चावी संपली होती, तरी दाजी डोळा लावून तसेच उभे. कुणी थांबा म्हणेना म्हणून मी आपला पळतोच आहे.

आक्का दारात ताकाचा गडू घेऊन उभी होती. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या पाठीकडं. बराच वेळ पाहिलं. मग गडू खाली ठेवला आणि ती निघाली.

दाजींमधला दिग्दर्शक मात्र मेला नव्हता. तिला येताना पाहिलं आणि त्यांनी घाईघाईनं चावी दिली. गुर्र सुरू झालं. हिरवा चुडा किणकिणत, केस मोकळे, पीठ फासलेल्या तोंडातून डोळे नुसते निखाऱ्यासारखे, अशी आक्का रेक्टरसाहेबांवर चालून गेली आणि तिनं दोन्ही हातांनी त्यांची कॉलर धरली. साहेब मागं सरले, ट्रंकेला अडखळले, ट्रंकेवरच बसले. "अहो ताई... अहो..."

"परत पळवशील? माझ्या माणसाला परत पळवशील?"

"वा!" कॉलर सुटल्यावर साहेब धापा टाकत म्हणाले. "काय अभिनय! माझ्या अंगावर काटा आला!"

"अभिनय कुठला?" आक्का म्हणाली. "तुमचा त्यो धोटा ह्यो हितं उभा हाय बघा क्यामेऱ्यामागं."

दाजींनी डोळा काढला. डोळ्याभोवती कॅमेऱ्याचं लाल वर्तुळ उमटलं होतं. "कट," ते म्हणाले. मग आक्काला म्हणाले, "माझ्या लेकराला असं म्हणायचं होतं. डायलॉग चुकलीस."

रेक्टरसाहेब उठले. मिशी काढून हातात घेतली, आणि व्हरांड्यानं आपल्या खोलीकडं गेले. अर्धी मिशी ओठावरच राहिली होती, पण ते सांगण्याची कुणाचीच छाती झाली नाही.

घरी परतताना आक्का पुढं, दाजी कॅमेरा पोटाशी धरून मागं. ती न वळता म्हणाली, "सांगितलं न्हाईसा कधी."

"काय सांगायचं? आईनं विचारलं का आलास. म्हटलं इंग्लिश जमंना. ती म्हणाली, न्हाय तर न्हाय, माग हाय की घरचा. बसलो मागावर. पयल्या दिवशी धोटा हातात धरवंना बघ."

आक्का थांबली. तिनं त्यांच्या हातातला कॅमेरा घेतला, पदराखाली धरला आणि पुन्हा चालायला लागली. 'चार दिवस दम धरला असता' हे वाक्य त्यानंतर त्या घरात कुणी ऐकलं नाही.

मला वाटलं, हॉस्टेल गेलं आणि सिनेमाही गेला. पण दुसऱ्या दिवशी आम्ही निदान आपलं सामान तरी आणावं म्हणून गेलो, तर साहेब आमच्या आधी व्हरांड्यात येऊन उभे. अंगात तोच सदरा, ओठावर मिशी. रात्रभर झोप नसावी. दाजींनी जवळ जाऊन त्यांच्याकडं निरखून पाहिलं. आता काय होतंय म्हणून मी मधे पडायला पुढं सरकलो.

"सायेब," दाजी म्हणाले, "मिशी उलटी लावलीसा."

त्या दोघांत त्या विषयावर एवढंच बोलणं झालं. उरलेले प्रसंग साहेबांनी मुकाट्यानं केले. विहिरीत ढकलून घेतलं, पिठानं माखून घेतलं, तो पक्का लाल रंगसुद्धा डोक्यावर ओतून घेतला.

रिळं धुवायला मुंबईला पाठवली. ती परत आली तेव्हा अख्खा सिनेमा निळा निघाला. शाईच्या दौतीत बुडवल्यासारखा. दाजी हरखले, पण गल्लीत एक वेगळीच बातमी पसरली, की दाजींनी निळी फिल्म काढली आहे. गणपतीत खेळ ठेवला, त्या संध्याकाळी वडगावच काय, उचगाव-काकतीहूनसुद्धा माणसं लोटली. पुढच्या रांगेत तरणी पोरं कान टवकारून बसलेली. पडद्यावर माझा टोपीतला चेहरा उगवल्यावर त्यांनी जो सुस्कारा सोडला तो मी जन्मात विसरणार नाही.

सिनेमा मुका होता, म्हणून आम्ही सगळे नट गणपतीचा माईक घेऊन पडद्यामागं उभे होतो. पडद्यावर ज्याचं तोंड हलेल त्यानं आपलं वाक्य म्हणायचं. दाजी समोर यंत्रापाशी. पहिल्या प्रसंगापासून लोक हसत सुटले. मी किंचाळलो की हसायचे, भूत आलं की "साडी झ्याक हाय" म्हणायचे, छत्रीवाल्याला तर टाळ्या पडल्या. पंच्याची घडी तोंडावर धरून बसलेले एकटे दाजी. सिनेमा त्यांचा, भूत त्यांची बायको, आणि भ्यालेले तेवढे तेच.

मग तो व्हरांडा आला. पडद्यावर मी पळायला लागलो आणि मी माईकमध्ये म्हणायला लागलो, खटाक्-खट, खटाक्-खट. हसू थांबलं. बसलेले सगळे मागावरचे लोक. त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्या शांततेत माझा आवाज मलाच ऐकवेना. आता रेक्टरसाहेबांचं वाक्य होतं, 'पळ रे धोट्या, थांबलास तर टपली!' पडद्यावर ते हात उडवत, तोंड वासून हसत होते. पडद्यामागं माझ्या शेजारी ते माईक धरून उभे होते, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी त्यांना कोपरानं ढोसलं.

"थांब," ते म्हणाले. त्यांचा आवाज कर्ण्यातून गल्लीभर गेला. "पळू नकोस. चुकलं माझं. त्या वेळी कळलं नाही. फार चुकलं. ये, बस इथं."

पडद्यावरचा माणूस टपली मारतोय आणि कर्णा माफी मागतोय! पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, त्वांड एक बोलालंय आन् आवाज एक!" तिला मागून कुणीतरी दटावलं, "गप गं, बरं बोलालाय. ऐकू दे."

एवढ्यात निळ्या पडद्यावर भूत प्रकटलं. सबंध सिनेमात खरा भीतिदायक असा तेवढाच एक प्रसंग, आक्काचा तो अस्सल राग; आणि लोक भ्यायच्या ऐवजी साहेबांच्या बाजूनं ओरडायला लागले. "सोड गं त्येला! माफी मागितली न्हवं!" "वहिनी, जाऊ दे, जाऊ दे!" पडद्यावरची आक्का कॉलर सोडायला तयार नाही. पडद्यामागच्या आक्कानं साहेबांकडं पाहिलं. ते रुमालानं मान सोडून डोळे पुसत होते. तिनं त्यांच्या हातातून माईक ओढून घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सोडलं, जा!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! त्यानंतरही सिनेमा बराच उरला होता, गळे दाबायचे राहिले होते, पण बघतंय कोण? लोक उठून पडद्यामागं साहेबांना बघायला आले. दाजी यंत्र बंद करून तरातरा आले ते थेट साहेबांसमोर उभे राहिले. "सगळी स्टोरी मोडलीसा की ओ माझी! भूतच माफ करालं तर पुढं पिक्चर काय चालायचा?"

साहेबांनी हात जोडले. दाजी त्या हातांकडं बघत राहिले, आणि मग त्यांच्या त्या आडव्या अंगाला जे हसू फुटलं त्यानं मांडवाची दोन कापडं हलली. हसता हसताच त्यांनी साहेबांचे जोडलेले हात धरून खाली केले. "जेवूनच जायचं," ते म्हणाले. सगळ्या गल्लीनं ऐकलं.

पुढं दर रविवारी साहेब वडगावला येऊ लागले. दुसऱ्या सिनेमाची चर्चा चालायची. त्याचं नाव काय ठेवायचं यावरच दोन-तीन वर्षं गेली असतील. साहेबांना त्यात भूत व्हायचं होतं; दाजी म्हणायचे, तुम्हाला भूत म्हणून कोण भिणार, तुम्ही व्हिलनच बरे. सांजवेळी गल्लीत दोन खुर्च्या टाकून दोघं बसलेले असायचे. कधी भांडत, कधी नुसतेच. तो सिनेमा काही निघाला नाही. कॅमेऱ्याची स्प्रिंग तुटली, आणि ती जोडणारा माणूस जवळपास कुठं मिळाला नाही. मिळाला असता तरी त्यांना तो सिनेमा संपवायचा होता असं मला वाटत नाही.

मग साहेबांची बदली झाली, लांब, पार तिकडं रायचूर की कुठंशी. मी त्या दिवशी योगायोगानं बेळगावात होतो. दाजी स्टँडवर गेले, मीही बरोबर. साहेबांच्या ट्रंकेला त्यांनी वॉचमनला हात लावू दिला नाही. स्वतःच टपावर चढवली. गाडी सुटायला वेळ होता. नेहमी साऱ्या गल्लीला ऐकू जाणारे दाजी, आणि खिडकीशी उभं राहून साहेबांना काय म्हणाले ते शेजारी असून मला ऐकू आलं नाही. साहेबांनी नुसती मान हलवली. गाडी हलली, स्टँडाच्या बाहेर वळली, धूळ खाली बसली, तरी दाजी तिथंच.

"चला दाजी," मी म्हटलं, "आक्का वाट बघत असेल."

"व्हय, चला," ते म्हणाले. चार पावलं गेले आणि पुन्हा थांबले. "पण पावणं, आता मला सांगा, असला व्हिलन आता मी कुठनं आणू?"